पांडवलेण्यांवर सहल आणणाऱ्या इतिहासशिक्षकांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर नाशिकच्या त्रिरश्मी डोंगराखाली शाळांच्या बस लागायला सुरुवात होते. मुलं धापा टाकत वर पोचतात. पहिल्या लेण्यापासून ओळीने बघणं सुरू होतं आणि बारा-तेरा लेणी होईपर्यंत निम्म्या मुलांचं लक्ष डब्याकडे गेलेलं असतं. अठराव्या लेण्यात, म्हणजे चैत्यगृहात, प्रत्येक जण एकदा ओरडून प्रतिध्वनी ऐकतो, स्तूपापुढे फोटो होतो आणि सगळे खाली उतरतात. चोवीस लेणी पाहिल्याचं समाधान मिळतं, पण मुलांच्या वहीत उतरतं ते एवढंच: 'ही लेणी पांडवांनी बांधली असं म्हणतात, पण ती बौद्ध भिक्षूंची आहेत.'

या डोंगराचा इतिहास मूर्तींपेक्षा भिंतींवरच्या ओळींमध्ये जास्त आहे. त्या ओळींत खरेदीखत, ठेवपावती, जमिनीचा हुकूम आणि तो हुकूम फसल्यावर काढलेला दुसरा हुकूम, असं सगळं दप्तर आहे. आठवी-नववीच्या मुलांना ते दोन तासांत वाचता येतं. ते कसं, तेवढ्यासाठी हे पत्र.

आधी क्रमाचं बोलू. लेण्यांना १ ते २४ हे आकडे दिलेत ते ओळीने मोजून. त्यांचा काळाशी संबंध नाही. एकपासून सुरुवात केली की मुलं दुसऱ्या शतकातून मागे जातात, मग पुढे येतात आणि शेवटी सगळा गोंधळ होतो. आमचं सांगणं असं की वर पोचल्यावर थेट १९ गाठा. तिथून १८, मग मागे येऊन १०, मग ३. वेळ उरला तर २०. बाकीची लेणी जाता-येता दिसतातच.

१९ क्रमांकाचं लेणं लहान आहे. आत जेमतेम चौदा फूट चौरस दालन आणि भोवती सहा खोल्या. कोरीव काम फारसं नाही, म्हणून सहली त्याच्यासमोरून निघून जातात. पण ओसरीतल्या खिडकीच्या वर एक छोटा लेख आहे: 'सादवाहनकुले कन्हे राजिनि नासिककेन समणेन महामातेण लेण कारित.' सातवाहन कुळातला कन्ह राजा असताना नाशिकच्या, श्रमणांची व्यवस्था पाहणाऱ्या महामात्राने, म्हणजे मोठ्या अधिकाऱ्याने, हे लेणं करवलं. बहुतेक अभ्यासक याला इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात ठेवतात. मुलांना यातले दोन शब्द स्वतः शोधू द्या: 'नासिक' आणि 'लेण'. एक आजही बसच्या पाटीवर असतं आणि दुसऱ्यासाठी तुम्ही सहल काढलीत. शेजारी १८ मध्ये, दरवाज्यावरच्या कमानीवर, 'नासिककनं धंभिकगामस दानं' आहे. धंभिक गावाचं दान. राजा नाही, सेनापती नाही, एका गावाने मिळून दर्शनी भागाचा खर्च उचलला. प्रतिध्वनीचा खेळ करायचाच तर हे वाचून झाल्यावर करा.

वाचायचं कसं? सहलीच्या आधीच्या आठवड्यात दोन तासिका ब्राह्मीला द्या. सगळी मुळाक्षरं शिकवायच्या भानगडीत पडू नका. क (अधिकचं चिन्ह), ग (उलटा इंग्रजी व्ही), न (उलटा टी), थ (वर्तुळात ठिपका), स, त, म, व, ल, र आणि काना-वेलांटी-उकार एवढ्यावर काम भागतं. एक अडचण हमखास येते. पुस्तकातले तक्ते अशोककाळातल्या ब्राह्मीचे असतात आणि १० व ३ मधले लेख त्यानंतर साडेतीनशे-चारशे वर्षांनी कोरलेले आहेत. म आणि व यांच्या खालच्या गोलाला तोवर कोन फुटलेत, ते त्रिकोणी दिसतात. क ची उभी रेघ लांबून खाली वळलीय. अक्षरांच्या डोक्याला बारीक जाडी आलीय. अशोकाचा तक्ता घेऊन गेलात तर मुलं दहा मिनिटांत हात टेकतील. तक्ता सातवाहन-क्षत्रप काळाचा हवा.

दुसरी अडचण जोडाक्षरांची. प्राकृतात द्वित्त बहुधा लिहीत नाहीत. 'सिद्धं' हे 'सिधं' असं येतं. अनुस्वार तर कोरणाऱ्याच्या मर्जीवर. म्हणून अक्षर लावून लगेच अर्थ विचारू नका. आधी ओळ मोठ्याने वाचायला लावा. मराठी कानाला अर्थ पुष्कळदा ऐकूनच लागतो.

आता १० क्रमांकाचं लेणं. क्षहरात वंशातल्या नहपान या शक सत्ताधीशाचा (क्षत्रपाचा) जावई उषवदात आणि त्याची बायको दक्षमित्रा यांचं. ओसरीत डावीकडच्या भिंतीवर, खोलीच्या दाराच्या वर, जो लेख आहे तिथे मुलांना बसवा. एका वेळी वीसच मुलं घ्या. वीसच का, ते पुढे कळेल.

लेखाचा मजकूर थोडक्यात असा. वर्ष ४२, वैशाख महिना. उषवदाताने हे लेणं चारी दिशांच्या भिक्षुसंघाला दिलं आणि त्यासोबत ३००० काहापणांची (चांदीच्या नाण्यांची) 'अक्षयनीवी', म्हणजे कायम ठेव. ही रक्कम नाशिकजवळच्या गोवर्धनातल्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, गुंतवली. एका कोलिक निकायाकडे (विणकरांच्या श्रेणीकडे) २०००, व्याज शेकडा एक पडिक; पडिक म्हणजे इथे काहापणच. दुसऱ्या कोलिक निकायाकडे १०००, व्याज 'पायून पडिक सत'. थांबा आणि मुलांना विचारा, पायून म्हणजे काय. कुणीतरी 'पाऊण' म्हणेलच. शेकडा पाऊण. पुढे अट आहे: मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून या लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचा मुक्काम, करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा काहापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. हजाराच्या व्याजातून 'कुशणमूल', म्हणजे वरखर्च.

इथे फळा नसला तरी गणित करा. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा: वर्षाला २४० काहापण हवेत. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे वीस. हे वीस वर्षाचे धरले तर २२० कमी पडतात. महिन्याचे धरले तर बारा महिन्यांचे बरोबर २४०. लेखात 'दरमहा' हा शब्द कुठेच नाही, तो हिशोबातून निघतो. म्हणजे एका श्रेणीचा दर वर्षाला १२ टक्के आणि दुसरीचा ९ टक्के. हजारावर महिन्याला साडेसात, वर्षाला ९०. वीस जणांत वाटले तर डोई साडेचार. गणिताच्या शिक्षकांनाही वर आणा असं आम्ही म्हणतो ते यासाठीच. एकाच धंद्यातल्या दोन श्रेणी एकाच गावात वेगवेगळा दर देत होत्या, त्याचं कारण मुलांना सुचवू द्या. चीवराचे पैसे विणकरांकडेच ठेवले, हे कुणाच्या लक्षात आलं तर त्याची पाठ थोपटा. ('कोलिक' म्हणजे इथे विणकर. 'कोळी' असं सांगण्याची चूक होते, ती टाळा.)

आकडे कसे कोरलेत तेही दाखवा. शून्य आणि स्थानमूल्य इथे नाही. ४२ लिहिताना चाळीसची एक खूण आणि पुढे दोनच्या दोन आडव्या रेघा. हजाराला वेगळी खूण. याच लेखात पुढे ७०,००० काहापणांचं दान आहे आणि पस्तीस काहापणांना एक सुवर्ण या दराने ते २००० सुवर्णांचं मोल असं स्वच्छ लिहिलंय. चांदी आणि सोन्याच्या नाण्यांमधला तेव्हाचा दर दगडावर असा क्वचितच सापडतो. ४१, ४२, ४५ ही वर्षं कोणत्या गणनेतली यावर वाद आहे. शक संवत धरला तर ४२ म्हणजे इ.स. १२०. मुलांना वाद सांगा, वर्ष पाठ करायला लावू नका.

लेखाच्या मधल्या भागात एक वाक्य आहे, तिथे पुन्हा थांबा. हे सगळं 'निगमसभेत' वाचून दाखवलं आणि रिवाजाप्रमाणे 'फलकवारात' नोंदवलं. निगमसभा म्हणजे नगरातल्या व्यापाऱ्यांची-कारागिरांची सभा. फलकवार म्हणजे नोंदी ठेवण्याची जागा. मूळ दस्त लाकडी फळ्यांवर होता. तो कधीच नाहीसा झाला, आपण वाचतो ती त्याची दगडावरची नक्कल.

ओसरीच्या मागच्या भिंतीवर, छताखाली आडवा पसरलेला लेख मोठा आहे. तो पूर्ण वाचायला घेऊ नका, वेळ जातो. त्यातला नद्यांचा भाग वाचा: इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका. या नद्या ओलांडायला उषवदाताने फुकट होड्या ठेवल्या. पार, दमणगंगा, तापी, डहाणू ही ठिकाणं मुलांना नकाशावर सापडतील. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग, म्हणजे सोपारा, इथे त्याने धर्मशाळा बांधल्या. किनाऱ्यावरचा माल घाट चढून गोदावरीकाठी कसा यायचा, ते या यादीवरून कळतं. त्याच लेखाच्या अखेरीस एक खरेदीखत आहे. वाराहीपुत्र अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाच्या वडिलोपार्जित मालकीचं, नगराच्या सीमेत वायव्येला असलेलं शेत उषवदाताने ४००० काहापणांना विकत घेतलं. लेण्यातल्या भिक्षूंच्या अन्नाची सोय त्यातून व्हावी म्हणून. विक्रेत्याचं नाव, मालकीचं मूळ, दिशा, किंमत: आज तलाठ्याकडे जे विचारतील तेच. जिंकलेल्या मुलखातल्या सत्ताधीशाच्या जावयानेसुद्धा शेत ओढून घेतलं नाही, पैसे मोजले, ही गोष्ट आम्हाला त्याच्या तीन लाख गाईंच्या दानापेक्षा मोठी वाटते.

ओसरीतल्या खोल्यांच्या दारांवर दक्षमित्रेचे छोटे लेख आहेत: उषवदाताच्या 'कुडुंबिनी'चं, दखमित्रेचं, 'देयधम ओवरको', म्हणजे दान दिलेली खोली. बायकोला 'आमचं कुटुंब' म्हणणारी पिढी घराघरांत होती आणि देवळाभोवतीची ओवरी तर अजून आहे. दोन्ही शब्द तिथेच कोरलेले दिसतात. मात्र म्हणून 'दोन हजार वर्षांपूर्वी इथे मराठी लिहिली' असं सांगू नका. ही प्राकृत आहे. आपल्या भाषेचं नातं तिच्याशी आहे, पण आजी आणि नात एकच नव्हेत.

आत मागच्या भिंतीवर भैरव आहे. तो मुळात उठावातला स्तूप होता, नंतर कधीतरी घडवून भैरव केला. हे नुसतं सांगून पटत नाही. पुढे ३ मध्ये गेल्यावर तसाच स्तूप अजून शाबूत आहे, तिथे तुलना करा.

३ क्रमांकाचं लेणं बाहेरून ओळखायची खूण म्हणजे ओसरीखालचे सहा यक्ष. पालखीचे भोई असावेत तसे तुळया खांद्यावर घेऊन जमिनीतून अर्धे वर आलेले. मुलं इथे आपोआप थांबतात. थांबू द्या, मग ओसरीत न्या. पूर्वेकडच्या भिंतीवर छताखाली एकाखाली एक दोन हुकूम आहेत. आमच्या मते सगळ्या डोंगरावर यांच्यासारखं वाचनीय काही नाही.

पहिला, राजाच्या कारकिर्दीचं वर्ष १८, पावसाळ्याचा दुसरा पंधरवडा, पहिला दिवस. गौतमीपुत्र सातकर्णी लष्कराच्या तळावरून गोवर्धनच्या अमात्याला, म्हणजे अंमलदार विष्णुपालिताला, कळवतो: अपरकखडी गावातलं, आजवर उषवदाताने उपभोगलेलं २०० निवर्तनं (जमिनीचं तेव्हाचं माप) शेत तेकिरसीच्या, म्हणजे त्रिरश्मीच्याच, प्रव्रजितांना (भिक्षूंना) देत आहोत. म्हणजे क्षहरातांची सत्ता गेली, जमीन नव्या राजाकडे आली, आणि पहिल्या काही कामांत तिची व्यवस्था लावणं हे एक होतं. शेतासोबत सवलती दिल्यात आणि त्या खूप बोलक्या आहेत. 'अपावेस': राजाच्या माणसांनी आत शिरायचं नाही. 'अनोमस': हात लावायचा नाही. 'अलोणखादक': मिठासाठी खणायचं नाही. 'अरठसविनयिक': जिल्ह्याच्या अंमलदारांनी ढवळाढवळ करायची नाही. सवलतींची यादी उलटी वाचली की साध्या शेतकऱ्याला काय काय सोसावं लागे ते कळतं. वर्गात हा प्रश्न परीक्षेतल्या प्रश्नापेक्षा जास्त चालतो. निवर्तनाचे एकर करायला मात्र जाऊ नका, ग्रंथागणिक माप बदलतं.

हुकमाच्या शेवटी दप्तरी साखळी आहे. तोंडी आज्ञा झाली, अमात्य शिवगुप्ताने ती लिहिली, महास्वामींनी जतन केली, तापसाने कोरली.

दुसरा हुकूम वर्ष २४ चा. राजासोबत आता राजमातेचाही उल्लेख आहे आणि गोवर्धनला अमात्य श्यामक आलाय. त्यात हे वाक्य येतं: 'ता च खेत न कसते, सो च गामो न वसति.' हे भाषांतर न करता म्हणा. 'कसेल त्याची जमीन' ऐकलेल्या मुलाला 'कसते' सांगावं लागत नाही. ते शेत कसलं जात नाही आणि ते गाव वसत नाही. सहा वर्षांपूर्वी दिलेलं दान कागदावर राहिलं. गाव ओस, शेत पडीक, भिक्षूंच्या हाती काही नाही. म्हणून नगराच्या सीमेवरच्या राजाच्या मालकीच्या शेतातून १०० निवर्तनं दिली. निम्मी जमीन, पण गावाला लागून. हुकूम पावसाळ्याच्या चौथ्या पंधरवड्यात निघाला, नोंद झाली ती उन्हाळ्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात. हे दोन दिनांक मुलांना शोधायला द्या आणि मधल्या काळात फाइल कुठे असेल ते विचारा. शिक्षक हसतील, मुलंही हसतील.

शिक्षकांची आणखी एक नेहमीची चूक इथे सुधारता येते. हे लेणं 'गौतमीपुत्राने कोरलं' असं सांगितलं जातं. ते पुरं करून भद्रायणीय पंथाच्या भिक्षूंना दिलं त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, नातू पुळुमावीच्या १९ व्या वर्षी. मागच्या भिंतीवर तिचा लेख आहे. त्यात मुलाच्या पराक्रमाची लांब यादी आहे: 'तिसमुदतोयपीतवाहन', ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं तो, क्षहरात वंश निःशेष करणारा. पाठ्यपुस्तकात एवढंच येतं. त्याच यादीत 'पोरजननिविसेससमसुखदुखस' आहे, म्हणजे नगरजनांच्या सुखदुःखाशी एकरूप असलेला. तो शब्द मुलांना आवर्जून शोधायला लावा. खाली २२ व्या वर्षाची नोंद आहे. आधी दिलेलं गाव बदलून त्याऐवजी दुसरं दिलं. म्हणजे दान दुरुस्त करायची वेळ नातवावरही आली.

क्षहरातांचा पाडाव मुलांना हातात धरून बघायचा असेल तर त्याचा पुरावा नाण्यांत आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातच जोगलथेंबीला तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. सगळी नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला कमानींचा डोंगर आणि उज्जैन चिन्ह (चार टोकांना वर्तुळं असलेली फुली) पुन्हा ठोकलंय. नाणी वितळवली नाहीत, वरून छाप मारला आणि तीच बाजारात चालवली. मोठी छायाचित्रं छापून न्या आणि ३ च्या ओसरीत दाखवा. खालचा नहपानाचा चेहरा कुठे कुठे डोकावतो.

वेळ उरला तर २० मध्ये यज्ञ सातकर्णीच्या ७ व्या वर्षी महासेनापतीच्या पत्नीने, वासूने, पुरं केलेलं काम आहे. १७ मध्ये उत्तरेकडच्या दातामितीहून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या योनकाचा, म्हणजे यवनाचा (ग्रीकाचा), लेख आहे. आणि उतरण्याआधी पुन्हा १० च्या अंगणात आभीर घराण्यातल्या ईश्वरसेन राजाच्या ९ व्या वर्षाचा लेख बघा. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेव ठेवली. या वेळी विणकर नाहीत. कुलरिक, ओदयंत्रिक आणि तिलपिसक, म्हणजे कुंभार, पाण्याची यंत्रं चालवणारे आणि तेली. राजवट दोनदा बदलली होती, तरी ठेव ठेवायला लोक श्रेण्यांकडेच जात होते.

आता हात कुठे लावायचा नाही ते. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू घासतात. खडूची भुकटी अक्षराच्या खाचेत बसते, पुसताना कड झिजते आणि पुढच्याला अक्षराऐवजी खडू घासणाऱ्याचा अंदाज दिसतो. पाणी, तेल, ओला रुमाल यांचंही तेच. कागद भिजवून ठसा घेणं हे पुरातत्त्व खात्याच्या परवानगीचं आणि तरबेज हाताचं काम आहे, सहलीचं नाही. अक्षर दिसत नसेल तर टॉर्च समोरून मारू नका, समोरच्या उजेडात खाच सपाट होते. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धरा, खाचेत सावली पडते आणि अक्षर उठतं. लेख छताखाली आहेत, म्हणून टॉर्च हलक्या काठीला बांधून न्यावी लागते. काठीचं टोक भिंतीला लागणार नाही, याची जबाबदारी एका मोठ्या माणसावर द्या. पोढ्यांपाशी, म्हणजे पाण्याच्या कोरीव टाक्यांपाशी, मुलांना सोडू नका. छताला मोहोळ दिसलं तर त्या लेण्यात आवाज, अत्तर, धूर काही नको, सरळ पुढच्या लेण्याकडे वळा.

चाळीस मुलांचे दोन गट करा. एक गट १० मध्ये गणित करेल तेव्हा दुसरा ३ मध्ये हुकूम वाचेल, मग अदलाबदल. प्रत्येक ठिकाणी पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. १९ आणि १८ मिळून अर्धा तास. खाली उतरून डबे खायला दुपारचा एक वाजतो, त्यासाठी साडेनऊला पायथ्याशी असायला हवं.

आपले,
त्रिरश्मीवरचे लेख वाचणारे काही जण

ता. क. एक साधी दुर्बीण नक्की आणा. ३ मधलं 'न कसते' छताखाली आहे. जमिनीवरून नुसत्या डोळ्यांनी 'न' दिसतो, पुढचा 'क' दिसत नाही.